लहान मशीनला स्प्रॉकेट बसवताना आधी छोट्या चाकाचे दाते मोजा

रबाळ्याच्या एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे. कन्व्हेयर, मिक्सर, मसाल्याच्या यंत्रांचे सांगाडे अशी कामं आम्ही करतो. दर महिन्याला एखादा तरुण वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जुनं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, घेऊन येतो आणि म्हणतो, "काका, डिट्टो असंच पाहिजे." मी ते उजेडात धरतो. दाते एका बाजूला झुकलेले असतात, माशाच्या गळासारखे, आणि दोन दात्यांमधली खोबण लांबट झालेली. त्याला मी एवढंच विचारतो, "अरे, हे सहा महिन्यांत असं झालं असेल तर असंच दुसरं कशाला हवंय तुला?"

हा लेख अशा नव्या मंडळींसाठी आहे. स्वतःचं पहिलं मशीन बांधणारे, डिप्लोमाच्या प्रोजेक्टवाले, घरच्या धंद्यात नुकते हात घालणारे. स्प्रॉकेट दिसायला सोपी वस्तू, म्हणून ती डोळ्यांनी निवडली जाते. ती मापानं निवडावी लागते, आणि माप फार अवघड नाही. एक व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं उपकरण), एक कॅल्क्युलेटर आणि अर्धा तास पुरे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. तुर्भ्याच्या गोदामात कांदे-बटाटे निवडायला सपाट पट्ट्याचा कन्व्हेयर करायचा आहे. मोटर 1 एचपी, म्हणजे 0.75 किलोवॅट, 1440 आरपीएम. तिला 20:1 चा वर्म गिअरबॉक्स, म्हणजे मोटरच्या 20 फेऱ्यांचा एक करणारा. गिअरबॉक्समधून बाहेर येतात 72 फेरे. कन्व्हेयरचा ड्रम 150 मिमी व्यासाचा आहे आणि तो मिनिटाला 24 फेरे फिरला, की पट्टा मिनिटाला साधारण 11 मीटर सरकतो. बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहून निवडतात, त्यांना हा वेग झेपतो. तेव्हा 72 चे 24 करायचे. गुणोत्तर 3:1, आणि ते चेननं साधायचं.

चेनचा नंबर वाचायला शिका

स्प्रॉकेट चेनसाठी असतं, म्हणून आधी चेन. आपल्या कारखान्यांत अजून सूत चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी. चेनचे नंबर या सुताशी छान जुळतात. पिच म्हणजे कड्या जोडणाऱ्या एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर. अमेरिकी मालिकेत 40 म्हणजे 4 सूत पिच, 50 म्हणजे 5 सूत, 60 म्हणजे 6 सूत. शेवटचं शून्य म्हणजे रोलरवाली साधी चेन; रोलर म्हणजे पिनभोवती फिरणारी, दात्यांमध्ये बसणारी नळी. ब्रिटिश मालिकेत हाच हिशेब सोळाव्या भागात: 08बी म्हणजे 8/16, अर्थात अर्धा इंच, 12.7 मिमी. 10बी म्हणजे 15.875 मिमी, 12बी म्हणजे 19.05 मिमी, 16बी म्हणजे पूर्ण इंच. त्याहून लहान 06बी, 9.525 मिमी. दोन्ही मालिका आयएसओ 606 या एकाच मानकात आहेत, म्हणून नवीन माणूस समजतो की 40 आणि 08बी एकच.

ते एक नाही. पिच दोन्हींचा 12.7, पण 08बीचा रोलर 8.51 मिमी जाड आणि 40 चा 7.92. आता 40 च्या स्प्रॉकेटवर 08बी चेन चढवली तर काय होईल पहा. खोबण लहान रोलरसाठी कापलेली, त्यात जाड रोलर तळाला टेकतच नाही, वरच बसतो. हातानं फिरवताना चालल्यासारखं वाटतं, लोड आला की चेन उचलते. 60 आणि 12बीचं तर आणखी वाईट. 60 ची आतली रुंदी (कडीच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांमधली जागा) 12.57 मिमी, 12बीची 11.68. 60 साठी केलेल्या चाकाचा दात 12बीच्या पट्ट्यांमध्ये शिरणारच नाही. दुकानात गर्दी असते, मुलगा "हाफ इंच ना?" म्हणून पुढ्यात ठेवतो. तुम्ही रोलरचा व्यास व्हर्नियरनं मोजा आणि मगच पैसे द्या. आपल्याकडे लहान यंत्रांवर बहुतेक ब्रिटिश मालिकाच भेटते, परदेशी जुनं मशीन उघडलं की मात्र दुसरी निघू शकते.

कोणत्या पिचची चेन

इथे थोडं गणित, पण घाबरू नका.

मोटर 0.75 किलोवॅटची असली तरी सगळी ताकद चेनपर्यंत पोहोचत नाही. वर्म गिअरबॉक्स हाताला गरम लागतो, ती उष्णता म्हणजे गेलेली ताकद. 20:1 ला साधारण पाऊण हिस्सा बाहेर येतो असं धरा: 0.56 किलोवॅट. आता कामाचं स्वरूप बघा. पंखा, हलका पट्टा असं गुळगुळीत काम असेल तर गुणक 1. थोडे धक्के असतील तर 1.3 ते 1.4. दगड फोडणं, पुढे-मागे उलटणं असेल तर 1.5 पासून पुढे. कांद्याची अख्खी गोणी एकदम ओतली जाते, म्हणून आपण 1.4 घेऊ. 0.56 गुणिले 1.4, म्हणजे 0.79 किलोवॅट. चेन या आकड्यासाठी निवडायची.

पुढे चेनचा वेग. दाते गुणिले पिच गुणिले फेरे, भागिले 60000, उत्तर मीटर प्रति सेकंदात. लहान चाकाला 19 दाते धरू, का ते पुढे सांगतो. 08बी घेतली तर 19 × 12.7 × 72 ÷ 60000, म्हणजे 0.29. ताकद भागिले वेग म्हणजे चेनवरची ओढ: 790 वॅट भागिले 0.29, सुमारे 2720 न्यूटन. 08बीची तुटण्याची किमान ताकद 17.8 किलोन्यूटन, म्हणजे ओढीच्या साडेसहा पट. ऐकायला भरपूर वाटतं, पण चेन एका ओढीनं तुटत नाही. लाखो वेळा वाकून-ताणून थकते आणि मग तुटते. सावकाश चालणाऱ्या ड्राइव्हला मी 8 पटीच्या खाली उतरत नाही.

आता 10बी. वेग 19 × 15.875 × 72 ÷ 60000, म्हणजे 0.36. ओढ 2180 न्यूटन, साधारण 220 किलो वजन टांगल्यासारखी. 10बीची ताकद 22.2 किलोन्यूटन. 10 पट. ठरलं, 10बी. त्यानंतर चेन कंपनीच्या कॅटलॉगमध्ये 10बीच्या पानावर 19 दाते आणि तुमचे फेरे यांच्या रांगेत किलोवॅट तपासून घ्या. रोलॉन असो की डायमंड, प्रत्येकाच्या कॅटलॉगमध्ये हा तक्ता असतो. तुमचा आकडा तक्त्याच्या आत असला पाहिजे. वेगवान ड्राइव्ह असेल, लहान चाक 500-1000 फेऱ्यांवर असेल, तर मात्र तुटण्याच्या ताकदीचा हा हिशेब सोडून द्या आणि फक्त तक्ता धरा. तिथे रोलर आणि बुश (पिन आणि रोलर यांच्यामधली नळी) ठोके खाऊन मरतात, पट्ट्या तुटायच्या आधी.

पिच मोठा घेतला की काम मजबूत होतं, हा समज जरा सांभाळून वापरा. वेग जास्त असेल तर मोठा पिच आवाज करतो आणि हादरवतो. तिथे लहान पिचची दुहेरी चेन बरी.

लहान चाकाला किती दाते

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

चेन चाकावर गोल बसत नाही. प्रत्येक कडी सरळ असते, त्यामुळे ती बहुकोनासारखी बसते. दाते कमी तेवढा बहुकोन खडबडीत. चाक एकसारखं फिरत असलं तरी कडी वर चढताना चेन थोडी पुढे ओढली जाते, मग थोडी मंदावते. 11 दात्यांच्या चाकावर हा वेगातला चढउतार 4 टक्के असतो. 13 वर 2.9. 17 वर 1.7. 19 वर 1.4. 25 वर 0.8. आकडे लहान दिसतात, पण आपल्या उदाहरणात मिनिटाला 1368 कड्या चाकावर चढणार आहेत. तितके धक्के, दर मिनिटाला.

दुसरी गोष्ट त्याहून खोल. कडी चाकावर चढताना आपल्या शेजारच्या कडीशी वाकते. किती, तर 360 भागिले दाते. 11 दाते असतील तर 32 अंशांहून जास्त, 19 असतील तर 19 अंश. पिन आणि बुश यांच्यातली झीज याच वाकण्यातून होते. चेन "लांबते" म्हणतो आपण, ती पोलाद ताणून लांबत नाही, प्रत्येक पिन थोडी थोडी झिजून लांबते. म्हणजे लहान चाकावर वाचवलेले पैसे तुम्ही चेनमध्ये भरता.

मी हे शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. गाळा सुरू केला त्या काळात एका पीठ मिसळणाऱ्या यंत्राला मी 08बीचं 13 दात्यांचं चाक लावलं. लहान चाक म्हणून समोरचं चाकही लहान, झाकण लहान, सगळं आटोपशीर. शाफ्ट 25 मिमीचा. 13 दात्यांच्या चाकाचा हब (शाफ्टवर बसणारा मधला जाड भाग) 37 मिमी व्यासाचा, त्याला 25 चा बोअर, म्हणजे शाफ्टचं भोक, पाडला की भिंत उरते 6 मिमी. त्यातून चावीची (चाक शाफ्टवर घसरू नये म्हणून घालायच्या लोखंडी पट्टीची) खाच 3.3 मिमी खोल गेली. खाचेच्या डोक्यावर राहिलं 2.7 मिमी लोखंड. तिसऱ्या आठवड्यात हब तिथूनच चिरला. भर पावसात रात्री तिथे जाऊन मी तो काढला. चीर अगदी खाचेच्या कोपऱ्यातून निघून दात्याच्या मुळापर्यंत गेली होती, केसासारखी बारीक. आजही नवीन कामात मी आधी हबची भिंत मोजतो, मग बाकीचं.

म्हणून नेम असा: किमान 17. जागा असेल तर 19 ते 23. जोराच्या धक्क्यांचं काम असेल तर 21 किंवा त्याहून जास्त. 17 च्या खाली जायचंच असेल तर फक्त हातानं फिरवायच्या किंवा अगदी मंद कामाला. आणि दाते शक्यतो विषम ठेवा. चेनच्या कड्या सम असतात. दाते विषम असले की तोच दात प्रत्येक फेरीत त्याच कडीला भेटत नाही, झीज सगळीकडे वाटली जाते.

मोठं चाक, आणि ते मावतं का

3:1 हवंय, तर 19 गुणिले 3, 57 दाते. एका टप्प्यात 7:1 पर्यंत जाता येतं असं पुस्तकं म्हणतात. मी लहान यंत्रात 4 च्या पुढे गेलो की दोन टप्प्यांचा किंवा गिअरबॉक्स बदलायचा विचार करतो. कारण मोठ्या गुणोत्तराला लहान चाकाभोवती चेनचा वेढा कमी होतो. लहान चाकावर किमान 120 अंश वेढा हवा. आणि मोठ्या चाकाला दाते खूप झाले, 100 च्या पुढे, की चेन थोडीशी लांबली तरी दात्यांच्या टोकावर चढायला लागते.

मग मोठ्या चाकाचा व्यास काढा, कारण नव्या माणसाची फजिती इथेच होते. पिच भागिले 180 ÷ दाते या कोनाचा साइन. 57 दात्यांना 15.875 ÷ साइन 3.158 अंश, म्हणजे 288 मिमी. दात्यांच्या टोकापर्यंत सुमारे 297. वर चेनच्या पट्ट्या, त्यावर गार्ड. आपला ड्रम 150 मिमीचा, चाक त्याच्या दुप्पट! ड्रमच्या मध्यापासून खाली फ्रेमच्या पट्टीपर्यंत 120 मिमी जागा ठेवली असेल तर चाक बसायचंच नाही. कागदावर नाही, जमिनीवर खडूनं दोन वर्तुळं काढून बघा. मी अजूनही काढतो. 19 दात्यांचं चाक पिच वर्तुळावर (पिनांच्या मध्यांवरून) 96.5, बाहेरून 105 च्या आसपास.

मावत नसेल तर दाते कमी करायचा मोह होतो. त्याऐवजी 30:1 चा गिअरबॉक्स घ्या. बाहेर 48 फेरे मिळतील, चेनला 2:1 पुरेल, 19 ला 38. फक्त फेरे कमी झाले की ओढ वाढते, तेव्हा मागचा हिशेब पुन्हा करायचा. 30:1 चा वर्म ताकदही थोडी जास्त खातो, तेही धरा.

अंतर आणि कड्या

दोन शाफ्टमधलं अंतर 30 ते 50 पिच ठेवा. त्याहून कमी केलं तर चेन लवकर लवकर फिरून झिजते, 80 च्या वर गेलं तर झोळीसारखी लोंबते. आपण 40 पिच घेऊ, 635 मिमी.

कड्यांचा हिशेब तीन तुकड्यांत: अंतराची दुप्पट पिचमध्ये, 80. दोन्ही चाकांच्या दात्यांची बेरीज अर्धी, 76 चे 38. तिसरा तुकडा लहान: दात्यांतला फरक 38, भागिले 6.28, त्याचा वर्ग, भागिले अंतराचे 40 पिच, उत्तर 0.91. बेरीज 118.9. ही वरच्या सम आकड्याला न्या, 120. विषम कड्या टाळायच्या, कारण विषम झाल्या की हाफ लिंक घालावी लागते, आणि सगळ्या चेनमध्ये ती वाकडी कडीच आधी तुटते. 118.9 चे 120 केले म्हणून शाफ्ट थोडे लांब जातात, अंतर 644 मिमी होतं. लहान चाकावरचा वेढा 163 अंश येतो, उत्तम.

मोटरचा पाया स्लॉटवर घ्या, म्हणजे चेन झिजल्यावर मागे सरकवता येते. 10 फुटी डब्यात 10बीच्या 192 कड्या येतात. आपल्याला 120 लागतील, उरलेली जपून ठेवा. पण जुन्या चेनला नवा तुकडा जोडू नका. जुनीचा पिच वाढलेला असतो, नवा तुकडा दर फेरीला ठोका देतो.

हब, बोअर, चावी

चाक तीन तऱ्हेचं मिळतं. हब नसलेली नुसती चकती, तिला ए टाइप म्हणतात. एका बाजूला हब असलेलं बी टाइप. दोन्ही बाजूंना हब असलेलं सी टाइप. लहान ड्राइव्हला बहुधा बी. मोठं 57 दात्यांचं असेल तर चकती घेऊन वेगळ्या हबवर बोल्ट करणं सोयीचं पडतं. उद्या गुणोत्तर बदलायचं झालं तर फक्त चकती बदलते.

दुकानात चाक पायलट बोअरचं मिळतं, म्हणजे आत लहान भोक. ते तुमच्या शाफ्टप्रमाणे टर्नरकडून मोठं करून घ्यायचं. 25 मिमी शाफ्टला बोअर 25.00 ते 25.02 च्या आत हवा. टर्नरला शाफ्टचं माप तोंडी सांगू नका, शाफ्टच न्या, निदान त्याचा तुकडा. आणि डोळ्यांदेखत एक गोष्ट बघा: बोअर पाडताना चाक दात्यांवर धरलं आहे की हबवर, आणि डायल गेज लावून दात्यांचा फेर तपासला आहे का. बोअर अर्धा मिमी जरी बाजूला गेला तरी चेन एका फेरीत घट्ट आणि ढिली होत राहते. लोक मग चेनला दोष देतात.

22 ते 30 मिमी शाफ्टला चावी 8 रुंद, 7 उंच. 30 च्या वर 38 पर्यंत 10 बाय 8. 8 बाय 7 च्या चावीची खाच शाफ्टमध्ये 4 मिमी खोल, हबमध्ये 3.3. ग्रब स्क्रू (हबमधून आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) चावीच्या डोक्यावर एक आणि शक्य असेल तर 90 अंशांवर दुसरा. नुसत्या ग्रब स्क्रूवर चाक चालवायचा विचारही नको. आपल्या उदाहरणात त्या शाफ्टवर जवळपास 74 न्यूटन-मीटरचा पीळ आहे, स्क्रू शाफ्टवर ओरखडे पाडत घसरेल.

पैसे थोडे जास्त असतील तर टेपर लॉक बुश बघा, म्हणजे चाक आणि शाफ्ट यांच्यामध्ये स्क्रूनं आवळायची निमुळती नळी. 1610 नंबरच्या बुशमध्ये कमाल बोअर 1.6 इंच आणि लांबी 1.0 इंच, नंबरातच माप असतं. शाफ्ट न ठोकता चाक बसतं-निघतं. जिथे दर काही महिन्यांनी चाक काढावं लागतं तिथे ती किंमत वसूल होते.

लोखंड कोणतं

लहान चाक ईएन 8 किंवा सी 45 या मध्यम कार्बनच्या पोलादाचं, आणि दाते इंडक्शनवर हार्डन केलेले, म्हणजे विजेनं तापवून कडक केलेले. मोठ्या चाकाला हार्डनिंगची तेवढी गरज नाही, कारण तेवढ्याच वेळात त्याचा एक दात लहान चाकाच्या दात्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच काम करतो. खाडीच्या या पट्ट्यात, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, पावसाळ्यात दमट हवा लोखंड खाते. महिनाभर बंद पडलेल्या मशीनची चेन ताठ होऊन कडी कडी वाकेनाशी झालेली मी बघितली आहे. कांद्याच्या टरफलाची धूळ आणि ओल एकत्र आली की गंज आणखी वेगानं चढतो. अशा जागी निकेल चढवलेली चेन बरी पडते. जिथे अन्नाला थेट पाणी लागतं, धुणं होतं, तिथे स्टेनलेस, पण तिची ताकद साध्या पोलादापेक्षा कमी असते. तेव्हा पिच एक पायरी वर घ्यावा लागतो.

दुकानात काय म्हणायचं

मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला जा, नाहीतर ठाण्यात वागळे इस्टेटच्या आसपास बघा. सॅम्पल दाखवून "असंच द्या" म्हणू नका. कागदावर लिहून न्या: "10बी, सिंगल, 19 दाते, बी टाइप, पायलट बोअर, दाते हार्डन. 10बी, सिंगल, 57 दाते, ए टाइप. 10बी चेन, 120 कड्या, दोन लॉक." लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी क्लिपवाली कडी. एक लॉक लागतं, एक हरवतं, म्हणून दोन.

जुनं चाक ओळखायचं असेल तर आधी दाते मोजा, खडूनं पहिल्या दात्यावर खूण करून. मग त्यावर चालणाऱ्या चेनच्या रोलरचा व्यास आणि आतली रुंदी घ्या. झिजलेल्या चाकाच्या दात्यांवरून पिच मोजायला जाऊ नका, फसाल.

बसवताना

आधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. मग पुढचं.

दोन्ही शाफ्ट लेव्हलला आणि एकमेकांना समांतर आहेत का, दोन्ही टोकांना अंतर मोजून बघा. मग सरळ पट्टी दोन्ही चाकांच्या तोंडावर लावा. अंतर मोठं असेल तर ताणलेला दोरा. दोरा मोठ्या चाकाच्या दोन्ही कडांना आणि लहान चाकाच्या दोन्ही कडांना, चार ठिकाणी एकदम टेकला पाहिजे. एखाद्या ठिकाणी उजेड दिसला तर चाक शाफ्टवर सरकवा, मोटर तिरकी वळवू नका. काही दिवस चालवल्यावर दात्यांच्या बगलेवर चमकदार घासलेला पट्टा दिसला तर समजा, रेषा चुकली आहे. मात्र जसं आहे तसं चालवू नका, चेनच्या आतल्या पट्ट्या कापल्या जातात.

लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन जिकडे चालते तिकडे. उलटं घातलं तर कशाला तरी अडकून क्लिप उडते.

चेनची ढिली बाजू खाली ठेवा, ओढणारी वर. मध्यावर बोटानं वर-खाली हलवा: 644 मिमी अंतराला मिळून सुमारे 25 मिमी हलली पाहिजे. चेन उभी चालत असेल किंवा धक्के असतील तर निम्मं. वीणेच्या तारेसारखी ताठ चेन बेअरिंग खाते. उभ्या ड्राइव्हमध्ये चेन झिजली की लोंबून खालच्या चाकापासून सुटते, म्हणून तिथे ढिल्या बाजूला जॉकी चाक, म्हणजे चेन ताणून धरणारं छोटं चाक, हवंच, त्याच्यावर निदान 3 दाते चेनमध्ये असले पाहिजेत.

गार्ड लावल्याशिवाय मोटर सुरू करू नका. फिरणाऱ्या भागांना कुंपण घालायची कायद्यानं सक्तीच आहे, पण त्या कायद्यापेक्षा मला कन्व्हेयरशेजारी उभ्या बायकांचे पदर आणि ओढण्या दिसतात. 72 फेरे म्हणजे मंद वाटतं. 220 किलोची ओढ बोट आत गेल्यावर थांबत नाही.

तेल

ग्रीस फासू नका. ग्रीस वर बसतं, पिनपर्यंत पोहोचत नाही, आणि धूळ पकडून घासायची लुगदी करतं. साधं एसएई 30 तेल आपल्या हवेला चालतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली 40 अंशांच्या वर गेलं तर एसएई 40. ब्रशनं किंवा कुपीनं, ढिल्या बाजूला आतून, पट्ट्यांच्या कडांवर टाका, रोलरवर नाही. तेलाला पिन आणि बुशमध्ये शिरायचं असतं आणि वाट पट्ट्यांच्या फटीतून आहे. जुनी चेन पुसताना तांबूस-तपकिरी रंग आला तर आत तेल पोहोचत नाही असं समजा.

आमच्याकडे शुक्रवारी गाळा बंद असतो, म्हणून गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटं चेनसाठी असतात. तेल, ढिलाई, आणि महिन्यातून एकदा मोजणी. 10बीच्या 24 कड्या ताणून धरल्या तर नवीन चेनला बरोबर 381 मिमी, 15 इंच येतात. 388.6 झालं की 2 टक्के लांबली, नवीन चेन मागवायची वेळ. 3 टक्क्यांच्या पलीकडे नेली तर ती स्प्रॉकेटचे दाते घेऊन जाते, आणि मग दोन्ही बदलावं लागतं. मोठं चाक 67 दात्यांहून जास्त असेल तर मर्यादा आणखी कमी, 200 भागिले दाते इतके टक्के.

नवीन चेन झिजलेल्या चाकावर चढवू नका. वेळेवर बदलत गेलात तर दोन-तीन चेनपर्यंत चाक टिकतं, मग चेन आणि दोन्ही चाकं एकदम बदला.

तुर्भ्याचा तो कन्व्हेयर सुरू कराल तेव्हा आधी हातानं ड्रम पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे ताठ लागतं का बघा. मग रिकामा अर्धा तास चालवा, बंद करा, ग्रब स्क्रू पुन्हा आवळा, ढिलाई पुन्हा मोजा, कारण नवीन चेन पहिल्या काही तासांत थोडी बसते. त्यानंतर कांदे ओता, पहिली गोणी अर्धीच.